चार चौकटींतलं कोकरू

शेजारच्या शेतातून मेंढरं जाऊन आज दोन दिवस झाले, पण वास अजून गेलेला नाही. तूर निघून मोकळ्या झालेल्या त्या रानात मालकानं चार दिवस कळप बसवला होता. आमच्या भागात तशी रीतच आहे. पीक निघालं की मेंढरं बसवायची आणि लेंड्या-मूत मातीत मुरू द्यायचं. घराच्या मागच्या खिडकीतून तो वास आत येतो. लोकरीचा, मुताचा, चघळलेल्या पाल्याचा, आणि सगळ्याच्या तळाशी कुठंतरी दुधाचा. बायको दोनदा विचारून गेली, "खिडकी लावून घेऊ का? बसल्याजागी नुसते चुळबुळ करून राहिले तुम्ही." मी नको म्हणालो. तिला वाटलं असेल, ह्यांना वास चालतो. चालत नाही. तेरा-चौदा वर्षांत तो मला कधीच चाललेला नाही. एसटीत शेजारी कुणी घोंगडीवाला येऊन बसला तरी मी उठून दाराशी उभा राहतो. पण या वेळी खिडकी लावली असती, तर जे लिहायचं आहे ते पुन्हा एकदा राहून गेलं असतं. राहू देण्यात माझा हात चांगलाच बसलेला आहे.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या एका वस्तीवर शिक्षक होतो. औंढ्याहून जीपनं फाट्यापर्यंत यायचं आणि पुढं दोन कोस पायी. शाळा म्हणजे एक मोठी खोली, तिला लागून एक लहान कोठडी, पुढं पत्र्याची पडवी आणि मास्तर मी एकटा. वस्ती मेंढरं राखणाऱ्यांची. दिवाळी झाली की कर्ती माणसं कळप घेऊन बाहेर पडायची आणि पावसाच्या तोंडाशी परतायची. लेकरंही बरोबर जायची, आणि पटावरची निम्मी नावं तेवढे महिने नुसती नावंच राहायची. वस्तीतल्या एका बापानं मात्र आपली पोर मागं ठेवली होती, तिच्या आत्याजवळ, केवळ शाळेसाठी. दुसरीत होती. वस्तीतली मागं राहिलेली ती पहिली मुलगी. बाप स्वतः महिन्या-पंधरा दिवसांनी असेल तिथून चालत यायचा, पडवीत उकिडवा बसायचा आणि विचारायचा, "गुरुजी, जोडाक्षरावर आली का पोरगी?" आपल्याला जे येत नाही त्याचं नाव त्यानं बरोबर पाठ करून ठेवलं होतं. मी म्हणायचो, येतेय, येतेय. आणि ती खरंच येत होती.

त्या वर्षी आमच्या शाळेवर शिक्षकांचं गटसंमेलन ठरलं. आजूबाजूच्या दहा-बारा शाळांचे शिक्षक येणार, केंद्रप्रमुख येणार आणि मी नमुना पाठ घ्यायचा. विषय माझा मीच निवडला, प्राण्यांच्या गरजा. सोपा, आटोपशीर. पुठ्ठ्यावर चार चौकटी आखल्या, रंगवल्या. अन्न, पाणी, हवा, निवारा. प्रत्येक चौकटीत एकेक चित्र. चित्र काढण्यात मी वाईट नव्हतो. शिवाय मला वाटलं, मेंढपाळांच्या लेकरांना चित्रातलं मेंढरू काय दाखवायचं? खरंच आणू. वर्गाच्या कोपऱ्यात चार-पाच दिवस ठेवू, मुलांकडून त्याचं करून घेऊ, निरीक्षणं लिहून घेऊ. आजही ही कल्पना मला चांगलीच वाटते. वाईट कल्पनेनं वाईट झालं असतं तर एव्हाना मी ते विसरून गेलो असतो.

पाठाची उजळणी घेत होतो तेव्हाची गोष्ट. चौकटी वाचून झाल्या, मुलांनी सुरात म्हणून झाल्या. शेवटी मी विचारलं, "मग प्राण्याला जगायला किती गोष्टी लागतात?" सगळे "चाऽऽर" म्हणाले. मागं राहिलेल्या त्या पोरीनं बोट वर केलं. "गुरुजी, पाचवं राह्यलं."

"कोणतं पाचवं?"

"दुसरं मेंढरू."

वर्ग हसला. मीही हसलो. "अगं, मेंढराला मेंढरू कशाला लागतंय? ते काय मेंढरू खातंय का?"

"खात न्हाई. पर एकटं असलं की ते काहीच खात न्हाई." तिनं हे माझ्याकडे पाहून नव्हे, माझ्या पुठ्ठ्याकडे पाहून सांगितलं. चौकटी मोजून भरलेल्या होत्या, पाचवीला जागा नव्हती. मी म्हणालो, "पुस्तकात चार आहेत. बस खाली." ती बसली. हट्टी पोर नव्हती. एकदा सांगायची आणि सोडून द्यायची.

कोकरू तिच्या बापानंच दिलं. त्याचा कळप तेव्हा जवळच होता, दोन मैलांवर. तीन-चार महिन्यांचं, दूध सुटलेलं, कपाळावर पांढरा ठिपका. खरं तर तो दोन घेऊन आला होता, दोन्ही काखांत दोन. "जोडीनं ऱ्हाऊ द्या गुरुजी. आमी एकटं जनावर कुणाला देत न्हाई. सोयऱ्याला दिलं तरी दोन देतो." मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. सुतळीनं आखलेली तेवढीशी जागा, वर 'निवारा' लिहिलेली पाटी. दोन मावली असती, पण चित्रात एक होतं, पाठाच्या टाचणात एक होतं. मी म्हणालो, "एकच पुरे." त्यानं दोन्ही कोकरांकडे पाहिलं. मग एकाला खाली सोडलं आणि दुसऱ्याला घेऊन चालता झाला. खाली सोडलेलं त्याच्या मागं दारापर्यंत धावलं. मी कडी लावली.

ते ओरडू लागलं. तुम्ही कधी एकटं कोकरू ऐकलं आहे का? कळपात मेंढरं ओरडतात तेव्हा तो एक गलका असतो, त्याला कुणी आवाज म्हणत नाही. एकट्याचं ओरडणं निराळं. ते ओरडतं, थांबतं, कान देतं, उत्तर येत नाही, पुन्हा ओरडतं. पाढे म्हणताना ओरडलं, कविता म्हणताना ओरडलं. मुलांना गंमत झाली, तीही ओरडू लागली. कोकराचं सगळं मी त्या पोरीकडंच दिलं होतं. ती सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बोरीचा पाला टाकायची, बादलीतलं पाणी बदलायची. पाला तसाच राहायचा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, "गुरुजी, बाला सांगू का? दुसरं आणल तो." मला राग आला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, तो राग कोकराचा नव्हता. परवावर संमेलन आलेलं, आणि सात वर्षांची पोर मला माझाच पाठ शिकवत होती. मी म्हणालो, "तू तुझं पाणी बघ."

मुलांना वाटायचा तांदूळ शाळेत यायचा तेव्हा. महिन्याकाठी हजेरी पाहून पत्र्याच्या मापानं घालायचा. पोती शेजारच्या कोठडीत असत, कुलूप माझं, चावी माझी. त्या दुपारी मी मूठभर तांदूळ कोकरापुढं टाकला. ते हुंगलं, खाल्लं आणि खाईपर्यंत गप्प राहिलं. ही शांतता इतकी बरी वाटली की संपताच मी आणखी मूठ टाकली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे संमेलनाच्या आदल्या दिवशी, मुलं सुटल्यावर झाडलोट चालली होती, पताका लावायच्या होत्या, आणि ते ओरडत होतं. मी कोठडीत गेलो, माप शिगोशीग भरलं आणि मापासकट त्याच्यासमोर ठेवून दिलं. वर पाण्याची भरली बादली. मनात म्हणालो, खा आणि गप्प राहा. अन्न आहे, पाणी आहे, खिडकी उघडी आहे, डोक्यावर छप्पर आहे. चारी चौकटी भरल्या. कडी लावून मी फाट्याची वाट धरली.

कोरड्या तांदळानं मेंढराचं पोट कसं फुगतं, हे त्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. यात लाज नाही. लाज पुढं आहे.

सकाळी ते आडवं पडलेलं होतं, पोट ढोलासारखं, पाय ताठ. ती माझ्या आधीच आली होती, भिंतीला टेकून उभी होती. मी काही करायच्या आत बाहेर मोटारसायकलचा आवाज आला. केंद्रप्रमुख वेळेच्या आधीच हजर. मागोमाग चार-सहा शिक्षक. कुणीतरी बापाला निरोप धाडला होता, तोही आला. मुलं दारात गोळा झाली. साहेबांनी वाकून पाहिलं, जमिनीवर सांडलेले दाणे पाहिले आणि माझ्याकडे वळले. "हा शाळेचा तांदूळ. बाहेर कसा आला?"

शासनाचा तांदूळ जनावराला घातला, असं कागदावर आलं असतं तर काय झालं असतं, हे मला माहीत होतं. किंवा मला वाटलं की माहीत आहे. मी म्हणालो, "वाटपाच्या वेळी सांडतो, साहेब. पोरं गोळा करतात. कोकराचं सगळं हिच्याकडेच दिलं होतं." बघा, यात एकही शब्द खोटा नाही. सांडायचा. गोळा करायची. हिच्याकडे दिलं होतं. धड खोटं बोलण्याचीसुद्धा हिंमत नव्हती माझ्यात. खरी वाक्यं अशी ओळीनं मांडली की त्यांच्या टोकाला ती पोर उभी राहिली. साहेब म्हणाले, "म्हणजे हिनं तांदूळ काढून ठेवला होता." मी मान हलवली नाही. हलवायची गरजच पडली नाही.

"बा, म्या न्हाई," ती म्हणाली. एकदाच.

बाप कोकराजवळ उकिडवा बसला होता. त्यानं अंगठ्यानं त्याचं तोंड उघडलं, गालफडातले दाणे पाहिले. मग त्याचा हात कोकराखाली अंथरलेल्या वाळल्या गवतात गेला आणि थांबला. तिथं माप होतं. पत्र्याचं, कान तुटलेलं, ज्यानं दर महिन्याला त्याच्या पोरीचा तांदूळ मी स्वतः तिच्या आत्याच्या पदरात घालत होतो आणि पुन्हा कुलपात ठेवत होतो. गडबडीत मी ते उचलायला विसरलो होतो. त्यानं मापाकडे पाहिलं. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं ते माप गवताखाली सारलं. पाचही बोटांनी वर गवत नीट पसरलं, पेरल्यावर माती ओढतात तसं. दुसऱ्या कुणी ते पाहिलं नाही. उठून म्हणाला, "गुरुजी सांगतात तर बराबरच असंल, साहेब." मेलेलं कोकरू खांद्यावर टाकलं, पोरीचा हात धरला आणि दोघं पायवाटेनं निघून गेले. ती त्यानंतर शाळेत आली नाही. कळपाबरोबर गेली.

नमुना पाठ मी पुठ्ठ्यावर घेतला. साहेबांनी शेरा लिहिला, समाधानकारक.

मी बदली मागून घेतली आणि मिळालीही. पुढं प्रत्येक वर्षी तो पाठ आला. कधी आजारी पडलो, कधी मुलांकडून नुसता वाचून घेतला. एका वर्षी पाचवी चौकट आखली आणि आत काही लिहायच्या आधीच पुसली. सांगून टाकावं असं वाटायचंच. एकदा गोरेगावच्या बाजारात तो दिसला, तिचा बाप. लोकर घेऊन बसला होता, डोळ्यांवर हात धरून माणसं न्याहाळत होता. मी कांद्याच्या पोत्यांमागं उभा राहिलो. कांदेवाला म्हणाला, "काय पाह्यजे गुरुजी?" मला काहीच नको होतं. तरी कांदे घेतले आणि मागच्या गल्लीनं निघालो. त्या गल्लीतून मी आजवर किती वेळा गेलो आहे, माझं मलाच ठाऊक.

आणि मग या आठवड्यात शेजारच्या रानात कळप बसला. दुसऱ्या दिवशी एक बाई घागर घेऊन आमच्या बोअरवर पाण्याला आली. कडेवर लेकरू. मी ओट्यावर होतो. तिनं घागर लावली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमी धरणाकडच्या वस्तीवर व्हते न्हाई का? गुरुजी?" मला आधी घाम फुटला, मग ओळख पटली.

"तू..."

"व्हय. मीच." आणि हसली. "पाणी घेऊ ना? का पाण्याचं बी तुमीच बघता?"

टोमणा होता की सहज, कळलं नाही. मी आत गेलो आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आलो नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र उन्हं कलताना मी कुंपणाशी गेलो. ती एका कोकराच्या पायातला काटा काढत होती. मी उभ्यानं सगळं सांगितलं. तांदूळ मी घातला, माप भरून घातला, आणि साहेबांसमोर गप्प राहिलो. इतकी वर्षं मनात घोकलेली वाक्यं. वाटलं होतं, सांगायला तास लागेल. चार ओळींत संपली. तिनं काटा काढून होईपर्यंत मान वर केली नाही.

"हे मला काय सांगता, गुरुजी? म्या दिला नव्हता हे मला ठाऊकच व्हतं की. बाला सांगायचं व्हतं."

"आहेत ना ते?"

"दोन सालं झाली जाऊन." तिनं कोकरू सोडलं. ते आपल्या जोडीदाराकडं पळालं. "वस्तीत मला काय म्हणत व्हते ठाऊक हाय? तांदूळचोर. लग्न लागायच्या टायमाला बाया म्हणल्या, हिच्या बाजूला अक्षता जपून वाटा गं, घरी नेईल. समदा मांडव हसला. बा हसला न्हाई. पर बोलला बी न्हाई. माझा बा मेला, तवा बी त्याला वाटत आसंल, माझ्या पोरीनंच मारलं कोकरू."

तिथंच मी सांगायला हवं होतं. गवतावरून फिरलेली ती पाच बोटं माझ्या डोळ्यांसमोर होती. पण ते ऐकून तिला काय वाटेल, ठरेना. बापाला ठाऊक होतं हे सुख, की ठाऊक असून त्यानं हिला चोर ठरू दिलं हे दुःख? निम्मं खरं सांगून मी घरी आलो. जेवताना बायको म्हणाली, "भाकरी हातात धरून कुठं बघून राहिले?" मी भाकरी खाली ठेवली.

काल नव्हे परवा, सकाळी त्यांनी कळपाभोवतीच्या जाळ्या सोडल्या. घोडीवर बोचकी चढली. कळप हलला तसा मी अनवाणीच रानात गेलो आणि तिला मापाचं सांगितलं. बापानं पाहिलं होतं. ते कुठलं माप आहे हे त्यानं ओळखलं होतं. त्यानं ते लपवलं, मला वाचवायला. ती काठी टेकून उभी राहिली. मेंढरं पुढं चालली होती, धूळ उठत होती, पण तिनं हाळी दिली नाही.

"त्याच दिशी सांजच्याला," ती हळूच म्हणाली, "बानं माझ्या मांडीवर दोन कोकरं आणून ठेवली. म्हणला, ही तुझी. यांची पिल्लं बी तुझी. समदे त्याच्यावर वराडले, मारणारीच्या हातात जनावर देतो का म्हणून. मला बी कळंना, काहून दिली. आता येऊन राहिलं ध्यानात." तिनं काठीनं कळपाकडं दाखवलं. "त्यातली अर्धी त्याच दोघींच्या पोटची हायेत."

मला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, अगदी तेव्हा बोट वर करून विचारायची तसं: "मंग त्याला समदं ठाऊक व्हतं, तर त्यानं मला शाळेत परत काहून न्हाई पाठवलं, गुरुजी?"

मी गप्प राहिलो. उत्तर नव्हतं म्हणून नाही. ती लेकराला कडेवर वर ओढून धुळीत गेली.

खिडकीशी बसून मी त्या रिकाम्या रानाकडे पाहतो आहे. लेंड्या वाळू लागल्या आहेत. पाणी पडलं की मुरतील, पुढचं पीक जोमानं येईल, आणि इथं कोण बसलं होतं हे कुणी विचारणार नाही. माणसाचं असं होत नाही. जे बसलं ते बसूनच राहतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवसापासून माहीत आहे, त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं तेव्हापासून. त्यानं माझी इज्जत वाचवली, पण मला ओळखलंही. कोकरू एकटं माझ्याकडे ठेवून पाहिलं होतं त्यानं. पोर एकटी ठेवणार नव्हता.

हे उत्तर मी इथं कागदावर लिहून ठेवतो आहे. तिला ते वाचता येणार नाही. जोडाक्षरांपर्यंत आली होती, आणि तिथंच थांबली.